बिनतारी पाणपोई

पूर्वी गावातील मुलगा शिकावयास पणजीला किंवा मुंबईला निघाला, म्हणजे घरची वडील माणसे दोनच प्रश्न विचारीत : राहण्याची सोय काय आणि जेवणाची सोय काय? आता त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे, आणि तो वडील माणसे नव्हे, तर शिकावयास निघालेला मुलगा किंवा मुलगीच विचारते : "तेथे वायफाय आहे काय?" हा प्रश्न ऐकून पुष्कळांना हसू येते. विद्या संपादन करण्यास निघालेल्याने ग्रंथालयाची, प्रयोगशाळेची, अध्यापकांच्या व्यासंगाची चौकशी करावी, की हवेतून येणाऱ्या महाजालाची, असा उपरोध मग ओघानेच येतो. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. किंबहुना ग्रंथालयाची चौकशी आणि वायफायची चौकशी या आज दोन वेगळ्या चौकशा राहिलेल्याच नाहीत. विद्यापीठाच्या व महाविद्यालयाच्या आवारातील बिनतारी महाजाल हे करमणुकीचे साधन नसून ग्रंथालयाचेच एक दालन आहे. तेव्हा ग्रंथालयाला जो न्याय, तोच त्यालाही लावला पाहिजे. आणि तो ताळगावच्या पठारावर जसा लागेल, तसाच विर्नोड्याला, साखळीला आणि डिचोलीलाही लागला पाहिजे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, हे थोडक्यात पाहू. 'बिनतारी' या शब्दामुळे पुष्कळांची अशी समजूत होते की, सारे ज्ञानभांडार आकाशातूनच आपल्या हातातील यंत्रात उतरत असावे. वस्तुस्थिती तशी नाही. महाजालाचा प्रवाह आवारापर्यंत येतो तो बहुधा केसासारख्या बारीक काचतंतूंतून, प्रकाशाच्या रूपाने. तारेवाचून होतो तो केवळ शेवटच्या काही पावलांचा प्रवास : भिंतीवर बसविलेल्या लहानशा पेटीपासून विद्यार्थ्याच्या हातातील यंत्रापर्यंतचा. ही पेटी रेडिओलहरींच्या भाषेत बोलते. सेकंदास सुमारे २४० कोटी आंदोलने असलेल्या लहरी थोड्या दूरवर पोचतात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतात. सुमारे ५०० कोटी आंदोलनांच्या लहरी अधिक वेगाने मजकूर वाहतात, परंतु आपल्याकडील जाड चिरेबंदी भिंतीपुढे त्या लवकर हात टेकतात. शिवाय एका पेटीची शक्ती तिच्याशी जोडलेल्या सर्वांत वाटली जाते. दहा जणांना पुरणारी पेटी शंभर जणांपुढे ठेवली, तर कोणाचीच तहान भागत नाही. म्हणून 'वायफाय बसविले' एवढी घोषणा केल्याने काम संपत नाही. किती पेट्या, कोठे कोठे, आणि त्यांच्या मागचा प्रवाह किती मोठा, हे पाहावे लागते. पाणपोईवर रांजण मांडले, परंतु मागची विहीर आटलेली असली, तर वाटसरूला रांजणाच्या दर्शनाने काय लाभ?

या विद्येचा इतिहास पाहिला, म्हणजे आपल्या विषयाचे मर्म ध्यानात येते. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी अत्यंत आखूड रेडिओलहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. आज आवाराआवारांतून ज्या लहरी चालतात, त्या अशाच आखूड लहरींच्या कुळातील होत. परंतु बिनतारी लहरींनी संगणक जोडण्याची पहिली मोठी खटपट झाली ती एका विद्यापीठात, आणि तीही कोणत्या अडचणीतून, हे प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. हवाई हा पॅसिफिक महासागरातील बेटांचा समूह. तेथील विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर होनोलुलू येथे होता. विद्यापीठाच्या इतर शाखा मात्र निरनिराळ्या बेटांवर विखुरलेल्या. मध्ये समुद्र. तेव्हा प्राध्यापक नॉर्मन अब्रामसन व त्यांचे सहकारी यांनी रेडिओलहरींवरून संगणकाचा मजकूर धाडण्याची योजना आखली, आणि १९७१ च्या जूनमध्ये 'अलोहानेट' या नावाने ते जाळे चालू झाले. 'अलोहा' हा हवाई भाषेतील नमस्काराचा शब्द. पुढे अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९० नंतरच्या दशकात आपले सारे आवार बिनतारी जाळ्याखाली आणले. १९९७ साली या विद्येची सर्वमान्य तांत्रिक नियमावली ठरली आणि १९९९ साली 'वायफाय' हे नाव रूढ झाले.

यातील बोध असा की, बिनतारी जाळ्याचा जन्म मुळी विद्यापीठाच्या अंगणात बसलेल्यांच्या सोयीसाठी झालाच नाही. जो दूर आहे, ज्याच्या आणि विद्येच्या मध्ये पाणी आहे, त्याला जवळ आणण्यासाठी तो झाला. ही गोष्ट आपण पेडणे-डिचोलीकडील माणसांनी तर विशेष ध्यानात धरावी. विद्येकडे जाताना आपल्याही वाटेत पाणी आडवे येत असे. १९८६ साली मांडवीवरील जुना पूल कोसळला, तेव्हा उत्तरेकडून पणजीला जाणाऱ्यांना पुन्हा फेरीबोटीची वाट धरावी लागली होती. आज नद्यांवर पूल आहेत, रस्ते रुंद झाले आहेत, २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या पठारावर विमाने उतरू लागली आहेत. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा प्रवासी आता थेट पेडण्यात पाऊल ठेवतो. परंतु पेडण्याच्या एखाद्या आडबाजूच्या वाड्यावरील विद्यार्थ्याला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचा शोधनिबंध तितक्याच सहजतेने हाती येतो काय, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

भारतात या गोष्टी कशा आल्या, तेही पाहण्यासारखे आहे. १९८६ साली 'अर्नेट' नावाचे शैक्षणिक जाळे उभारण्यास आरंभ झाला. बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, पाच तंत्रज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र ही त्यातील प्रमुख मंडळी. म्हणजे आपल्या देशातही महाजाल प्रथम आले ते शिक्षणसंस्थांच्या दारी. सामान्य नागरिकाला ते पैसे भरून मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. पुढे २००५ साली सरकारने वायफायच्या २४० कोटी आंदोलनांच्या लहरींवरील परवान्याची अट काढून टाकली, आणि घर, कचेरी, महाविद्यालय यांना आपापल्या आवारात अशी पेटी लावणे सुलभ झाले. साधन अशा रीतीने सर्वांच्या आटोक्यात आले. पण साधन आटोक्यात येणे आणि विद्या आटोक्यात येणे या दोन भिन्न गोष्टी होत.

हे भिन्नत्व समजावून घेण्यास आपल्या गोमंतकाच्या इतिहासाइतका उत्तम गुरू नाही. साऱ्या आशियात युरोपीय धर्तीचा पहिला छापखाना आला तो गोव्यात, १५५६ साली, जुन्या गोव्यातील सेंट पॉल विद्यालयात. छपाईच्या कलेत आपण मुंबई-कलकत्त्याच्या शतकानुशतके पुढे होतो. परंतु त्या यंत्राने इथल्या कुळवाड्याच्या, सुताराच्या, देवळातल्या पुजाऱ्याच्या मुलाला काय दिले? यंत्र राज्यकर्त्यांचे व धर्मसंस्थेचे, त्याचा उपयोग कशासाठी व्हावा हे ठरविणारेही तेच. पुढे १७५४ साली तर पोर्तुगीज सत्तेने आपल्या इथल्या मुलखात छपाईच बंद केली, आणि सरकारी छापखाना पुन्हा सुरू होण्यास १८२१ साल उजाडले. १८३२ साली पणजीत सार्वजनिक ग्रंथालयाचा पाया घातला गेला. आजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच, आणि देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. परंतु पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादीतील सर्वसामान्य रयतेला त्या कपाटांपर्यंत पोचण्यास मुक्तीनंतर निघालेल्या गावोगावच्या शाळांची वाट पाहावी लागली. तात्पर्य, यंत्र सर्वांच्या आधी येऊनही विद्या सर्वांच्या शेवटी पोचू शकते. छापखान्याच्या बाबतीत जे घडले, ते बिनतारी जाळ्याच्या बाबतीत पुन्हा घडू द्यावयाचे काय, हाच आजचा खरा प्रश्न आहे.

आता या दालनात ठेवले आहे तरी काय, ते पाहू. कारण रिकाम्या दालनासाठी कोणी भांडत नाही. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मान्य केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती अमलात आली. तीन वर्षांकरिता सहा हजार कोटी रुपयांची तरतूद, तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशेच्या वर सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था, आणि सुमारे एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा विस्तार सांगितला गेला. जी नियतकालिके घेणे एके काळी मोठमोठ्या विद्यापीठांच्याही आवाक्याबाहेर होते, ती आता लहान गावच्या सरकारी महाविद्यालयालाही उघडी झाली. याखेरीज २०१७ साली निघालेल्या 'स्वयम्' मंचावरील अभ्यासक्रम आहेत. २०१८ साली राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. आपल्या भाषांचे म्हणाल, तर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी आरंभिलेल्या मराठी विश्वकोशाचे खंड महाजालावर विनामूल्य वाचता येतात. आणि गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशा परवान्याखाली खुला केला. आपल्याच विद्यापीठाने केलेले हे विद्यादान आहे. परंतु दात्याने दान दिले आणि घेणाऱ्याला दारच सापडले नाही, तर त्या दानाचे पुण्य अर्धेच राहते.

हे दार विद्यार्थ्याला कोठे सापडते? येथे पेडणे-डिचोलीच्या विद्यार्थ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. १९८५ साली गोवा विद्यापीठ सुरू झाले. त्यापूर्वी पदव्युत्तर शिक्षणाची व्यवस्था मुंबई विद्यापीठाच्या पणजीतील केंद्रात होती. विद्यापीठाचे आवार ताळगावच्या पठारावर आहे. पेडण्याहून किंवा साखळीहून तेथे जावयाचे, म्हणजे तीस-चाळीस किलोमीटरांचा प्रवास, बहुतेकांना वाटेत बस बदलण्याची यातायात, आणि संध्याकाळी तोच प्रवास उलट. ज्याचे शिक्षण विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालयात, साखळीच्या शासकीय महाविद्यालयात किंवा डिचोलीच्या नारायण झांट्ये महाविद्यालयात होते, त्याचा प्रवास थोडा कमी. पण बसच्या वेळेला त्यालाही बांधून घ्यावे लागते. म्हणजे आवारात घालविलेले चार-सहा तास हीच त्याची खरी कमाई. शेवटचा तास संपावा आणि बस सुटण्यास अर्धा तास असावा. त्या अर्ध्या तासात एखादा निबंध उतरवून घेता आला, तर रात्रीचा अभ्यास होतो, नाही तर रात्र वाया जाते. शहरात राहणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. ज्याच्या घरी प्रवाह अखंड वाहतो, त्याला आवारातील पाणपोईचे मोल कसे कळावे?

घरी काय स्थिती असते, हे २०२० च्या महामारीने साऱ्या देशाला दाखवून दिले. शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि वर्ग महाजालावर भरू लागले. तेव्हा आपल्याच राज्यातील सत्तरी व सांगे या तालुक्यांतल्या काही गावांची मुले संदेशलहरी मिळाव्यात म्हणून रान तुडवीत डोंगरावर जाऊन बसत असल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात तर एका विद्यार्थिनीने भर पावसाळ्यात डोंगरावरील झोपडीत बसून आपला अभ्यासक्रम चालू ठेवला. या मुलांच्या जिद्दीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु नुसते कौतुक करून मोकळे होणे हा समाजाचा आळस होय. विद्यार्थ्याने डोंगर चढावा, ही त्याची थोरवी. त्याला डोंगर चढावा लागावा, ही आमची उणीव. आपली भूमीच दऱ्याखोऱ्यांची, माडा-पोफळींच्या कुळागरांची. मनोऱ्यापासून निघालेली लहर टेकडीआड अडते. त्यातच मनोरे आपल्या वाड्यात नकोत म्हणून कित्येक गावांतून विरोधही झाला. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. तो सुटेल तेव्हा सुटेल. तोपर्यंत विद्यार्थ्याची वर्षे थांबून राहत नाहीत.

या म्हणण्यावर आक्षेप घेतले जातात, आणि त्यांचा विचार करणे प्रामाणिकपणाचे होईल. पहिला आक्षेप असा : "मोबाइलवरील महाजाल २०१६ नंतर इतके स्वस्त झाले की, आवारात वेगळे वायफाय कशाला?" वरवर पाहता हा बिनतोड वाटतो. परंतु मोबाइलवर रोजचा वाटा ठरलेला असतो. एक-दोन व्याख्याने पाहिली की तो संपतो. आणि एकाच घरात तीन भावंडे शिकत असली, तर प्रत्येकाचे वेगळे पैसे. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली तालुक्यातील कितीतरी घरांतील आवक आटली. अशा वेळी घरातून प्रथम कोणता खर्च कमी होतो, हे सांगणे न लगे. शिवाय वर सांगितलेली नियतकालिके उघडतात ती संस्थेच्या जाळ्यातून किंवा संस्थेने दिलेल्या ओळखीतून. पैसे मोजून घेतलेल्या मोबाइलच्या वाट्याने आपोआप नव्हे. पुस्तके बाजारात विकत मिळतात म्हणून ग्रंथालये बंद करावीत, असे आपण म्हणत नाही. मग येथेच निराळा न्याय का?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : "फुकटचे महाजाल मिळाले की मुले अभ्यास सोडून चित्रपट, खेळ आणि गप्पा यांतच गुंग होतात." हे अगदीच खोटे आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु ग्रंथालयातही सारेच ज्ञानेश्वरी वाचावयास जात नाहीत. कोणी रहस्यकथा वाचतो, कोणी पंख्याखाली डुलकी घेतो. म्हणून आपण कपाटांना कुलुपे लावीत नाही. ग्रंथपाल शिस्त लावतो, वाट दाखवितो. केरळातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात विद्यार्थिनींना ठरावीक वेळी मोबाइल वापरण्यास बंदी केली गेली. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, म्हणून तिला वसतिगृह सोडावे लागले. ती न्यायालयात गेली, आणि २०१९ च्या सप्टेंबरात केरळ उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, महाजालापर्यंत पोचण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा व खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. शिस्त हवी, हे न्यायालयाने नाकारले नाही. परंतु शिस्तीच्या नावाखाली विद्येचे साधनच हिरावून घेता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. या निर्णयाचे मोल केवळ त्या एका विद्यार्थिनीपुरते नाही. सज्ञान झालेल्या विद्यार्थ्याला विश्वासाने वागवावे, ही त्याची शिकवण आहे. आणि ज्याच्यावर विश्वास टाकला जातो, तोच विश्वासाला पात्र होण्यास शिकतो.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. २००८ साली अहमदाबादच्या बाँबस्फोटांसंबंधी धमकीची पत्रे धाडताना गुन्हेगारांनी नवी मुंबईतील एका घराचे आणि पुढे मुंबईतील एका महाविद्यालयाचे असुरक्षित वायफाय चोरून वापरले. मालक निरपराध, परंतु चौकशीचा ससेमिरा त्यांच्याच मागे लागला. त्यानंतर २००९ साली दूरसंचार खात्याने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवूनच प्रवेश द्यावा, अशा सूचना काढल्या. म्हणून आवारात प्रवेश करताना नाव व परवलीचा शब्द विचारला जातो, यात विद्यार्थ्याने अपमान मानण्याचे कारण नाही. ग्रंथालयातही आपण ओळखपत्र दाखवितोच. मात्र ग्रंथपाल जशी कोण काय वाचतो याची चावडीवर चर्चा करीत नाही, तशीच या नोंदींचीही गुप्तता पाळली गेली पाहिजे. चोराला पकडण्यासाठी ठेवलेली वही वाचकाला घाबरविण्यासाठी उघडू नये.

तर मग करावे काय? चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, बिनतारी जाळ्याची जबाबदारी व खर्च ग्रंथालयाच्या खात्यात धरावा. पुस्तकाचे पान फाटले तर ते चिकटविणारा कोणी असतो. तसा बंद पडलेली पेटी त्याच दिवशी दुरुस्त करून घेणारा जबाबदार माणूस असावा, आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हे फलकावर लिहिलेले असावे. दुसरी, शेवटच्या तासानंतर निदान दोन तास एक अभ्यासिका उघडी ठेवावी, म्हणजे बसची वाट पाहण्याचा वेळ कारणी लागेल. तिसरी, तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी ताळगावच्या ग्रंथालयात गेला, तर त्याला परका समजू नये. यासाठी नवा शोध लावावयास नको. हॉलंडमध्ये २००२-०३ च्या सुमारास 'एज्युरोम' नावाची योजना निघाली. तीत सामील असलेल्या कोणत्याही शिक्षणसंस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या सामील संस्थेच्या आवारात आपल्याच नावाने व परवलीच्या शब्दाने जाळ्यात प्रवेश करतो. भारतात ती अर्नेटमार्फत चालते. साखळीच्या विद्यार्थ्याला ताळगावीच काय, पुण्याला वा पॅरिसलाही पाहुणा म्हणून प्रवेश मिळावा, अशी ही सुंदर कल्पना आहे. आपल्या लहानमोठ्या सर्व महाविद्यालयांनी तीत यावे.

चौथी सूचना आवाराच्या बाहेरची आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. आवाराच्या फाटकापाशी विद्येची हद्द संपू नये. २०२० च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'पीएम-वाणी' ही सार्वजनिक वायफायची योजना मान्य केली. पूर्वी जसा रस्त्यावरील लहानसा दुकानदार सार्वजनिक टेलिफोन ठेवीत असे, तसाच आता त्याला परवान्यावाचून वायफाय ठेवता यावे, अशी तिची रचना. दुकानदाराला जे करता येते, ते गावच्या वाचनालयाला, पंचायतीच्या सभागृहाला किंवा आपल्यासारख्या हायस्कुलाला का येऊ नये? संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात गावातील एखादी खोली उघडी असावी. दहा-बारा खुर्च्या, एक पेटी, चांगला दिवा, आणि देखरेखीस एक वडीलधारे माणूस. तेथे महाविद्यालयाचा विद्यार्थी आपला निबंध लिहील, आणि शेजारी बसलेला हायस्कुलातील धाकटा भाऊ तो कसा लिहितात, हे पाहील. आपल्या गावांतून नाटकाच्या तालमींना, भजनाला, काल्याला जागा मिळते. विद्येच्या तालमीलाही ती मिळेल.

एवढे सारे मागून झाल्यावर विद्यार्थ्याच्या कर्तव्याबद्दल दोन शब्द न लिहिणे पक्षपाताचे होईल. हवाईच्या त्या जाळ्याची एक गंमत येथे सांगितली पाहिजे. अनेक बेटांवरून एकाच लहरीवर संदेश निघत. मग दोन संदेश एकाच क्षणी निघून परस्परांवर आदळले, तर दोन्ही नष्ट होत. यावर योजलेला उपाय किती साधा! दोघांनीही कमी-अधिक वेळ थांबावे आणि मग पुन्हा बोलावे. आजचे वायफाय त्याहून एक पाऊल पुढे गेले आहे : ते बोलण्यापूर्वी कोणी दुसरा बोलत नाही ना, हे ऐकून घेते. यंत्राला जी सभ्यता शिकविली गेली, ती यंत्र वापरणाऱ्याला नसावी काय? आवारातील प्रवाह सर्वांचा आहे. एकाने वर्गाच्या वेळी अख्खा चित्रपट उतरवून घ्यावयास लावला, तर पलीकडच्या खोलीत प्रवेशअर्ज भरणाऱ्या दुसऱ्याचा अर्ज अडतो, आणि त्या दिवशी अर्जाची मुदत संपत असली, तर त्याचे वर्षही अडते. म्हणून मोठ्या वस्तू गर्दी नसताना उतराव्यात. आपला परवलीचा शब्द दुसऱ्यास देऊ नये, कारण त्याच्या अपराधावर आपले नाव लागते. आणि जे घरी लागणार आहे, ते आवारातच उतरवून सोबत न्यावे. पाणपोईवर आलेल्याने आधी आपली तहान भागवावी, तांब्या धुऊन ठेवावा, आणि पुढच्यासाठी बाजूस व्हावे. जो रांजणात हात घालतो, तो स्वतःसकट सर्वांचे पाणी नासवितो.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण दोन-चार वर्षांत या शाळेचे अंगण सोडून महाविद्यालयाच्या आवारात पाऊल टाकतील. तेथे गेल्यावर "वायफाय आहे काय?" हे अवश्य विचारा, तो तुमचा हक्क आहे. नसेल, तर अर्ज करा. बिघडले असेल, तर तक्रार करा. आणि ही मागणी स्वतःपुरती न करता मागाहून येणाऱ्या गावच्या मुलासाठीही करा. परंतु मिळाल्यावर दुसरा प्रश्न स्वतःला विचारा : "आज याच्यातून मी काय घेतले?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देणे सरकारचे, विद्यापीठाचे व समाजाचे काम आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र ज्याचे त्यानेच द्यावयाचे असते. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या भूमीत छापखाना सर्वांच्या आधी आला, आणि आपल्या पूर्वजांना त्याच्यापासून दूर राहावे लागले. तो दोष त्यांचा नव्हता. या खेपेस दार उघडून घेण्याचे बळ आपल्या हाती आहे, आणि आत जाऊन काय वाचावे, हे ठरविण्याचेही.